ओलेत्याचं पीठ

"मीठ हाय ना त्यात? मंग न्हाई चालत. घिऊन जा."

सुगंधाबाईंनी पितळी तांब्या हातानं बाजूला सारला. जोरात नाही, जोर त्यांच्यात उरलाच नव्हता. रात्रभर उलट्या आणि जुलाब होऊन त्यांचे गाल आत गेले होते आणि तांब्या सारणारा हातही थरथरत होता. तरी अर्धं पाणी सांडलं आणि सारवलेल्या जमिनीनं ते लगेच पिऊन टाकलं.

"मावशी, हे औषध आहे," मी म्हणालो. "जुलाबातून अंगातलं पाणी गेलंय, त्याच्याबरोबर मीठ गेलंय. ते परत पोटात गेल्याशिवाय बरं वाटायचं नाही."

"औशद असंल तर गोळी द्या. आज पाचवी माळ हाय. मीठ तोंडात गेलं की उपास मोडला. मपला बी आन् हिचा बी."

'हिचा' म्हणजे त्यांच्या सुनेचा, केवळाबाईचा. ती पलीकडे घोंगडीवर पडली होती. वय असेल वीस-एकवीस. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे, आणि दोन्ही हातांची बोटं अंगावरच्या लुगड्यावर सारखी हलत होती, जणू एखादं अदृश्य सूत कातत होती. तिची सात महिन्यांची मुलगी शेजारणीच्या कडेवर रडत होती.

ही गोष्ट छप्पन सालच्या नवरात्रातली. मी तेव्हा वालूरच्या पलीकडच्या एका गावी सरकारी दवाखान्यात कंपौंडर होतो. दोन दवाखान्यांना मिळून एक डॉक्टर, आणि त्या आठवड्यात डॉक्टरसाहेब परभणीला गेलेले. खडकवाडीचा मल्हारी, म्हणजे केवळाबाईचा नवरा, उजाडताच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला होता. "अकरा बायांना हगवण लागलीय," एवढंच म्हणाला. वाडीत पंधरा-वीस घरं, बहुतेक मेंढरं पाळणारी. मी जुलाबावरची बिस्मथची बाटली, दोन-चार पुड्या आणि माझं पुस्तक पिशवीत टाकून निघालो.

पुस्तक कशाला घेतलं, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आधीच्या डॉक्टरांनी टाकून दिलेलं ते इंग्रजी पुस्तक होतं, उष्ण प्रदेशातल्या रोगांवरचं. माझं शिक्षण उर्दूतून झालेलं. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते पान पान वाचत असे. त्यातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती: माणूस जुलाबानं मरत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यानं मरतो. मला ते वाक्य फार आवडायचं. आपल्याला काहीतरी कळलंय असं वाटायला लावणारी वाक्यं माझ्या आयुष्यात फार नव्हती.

तर अकराजणींपैकी एकीनंही ते मिठाचं पाणी घेतलं नाही. गूळ चालत होता, पाणी चालत होतं, मीठ चालत नव्हतं. आणि दोघी-तिघींना पाणीही मिळालेलं नव्हतं, कारण जुलाबात पाणी दिलं की जुलाब वाढतात, असं वाडीचं मत.

"वरून वतलं की खालून जातंच," सटवाजी म्हणाले. "ह्ये तर लेकराला बी कळतंय."

सटवाजी देवीचे पुजारी. साठीचे, काटक, कपाळभर कुंकू. नऊ दिवस ते फक्त दूध घेत. त्यांनी रात्री चौघींना अफूची गोळी दिली होती, पोट बांधायला.

"सटवाबा, अफू देऊ नका," मी म्हणालो. "पोटात जे वाईट गेलंय ते बाहेर पडू द्या. गेलेलं पाणी तेवढं भरून काढू."

"वाईट? काय वाईट गेलंय?" सटवाजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पाच दिस ह्या बायांच्या पोटात देवीच्या फराळाबिगर कायबी गेलेलं न्हाई. कंपोंडर, जरा इचार करून बोलत जा."

मी विचार करूनच बोललो होतो. पण तसं कुणी म्हटलं की मला लगेच वाटतं, आपला विचार कमी पडला असेल.

मग मी घरोघर विचारत फिरलो. आजारी अकराच, आणि त्या अकराही नऊ दिवस उपास धरलेल्या. त्यांचे नवरे ज्वारीची भाकरी खाऊन ठणठणीत होते. मुलं ठणठणीत होती. पाणी सगळ्यांचं एकाच विहिरीचं. सटवाजींचाही उपास, पण ते दुधावर, आणि तेही ठणठणीत. मला ते गणितासारखं स्पष्ट दिसलं. जे फक्त त्या अकराजणींच्या पोटात गेलं होतं आणि दुसऱ्या कुणाच्याच नाही, दोष त्यात होता. म्हणजे फराळाच्या भगरीच्या भाकरीत.

मी देवळाच्या ओट्यावर येऊन ते सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नाही.

सटवाजी शांतपणे म्हणाले, "तुमचंच खरं. ज्यांनी उपास धरला त्यांनाच झालं. म्हंजे कुनीतरी उपास मोडलाय आन् कोप समद्यांवर आलाय. ह्याच्यात तुमच्या पिठाचा काय संबंद?"

माझंच गणित त्यांनी उचललं आणि उत्तर वेगळं काढलं. ओट्यावरच्या माणसांनी माना हलवल्या. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून; जरा कीव केल्यासारख्या.

पीठ मला दाखवलं ते सुगंधाबाईंच्या जावेनं, तीही लांबूनच. देवळाच्या आतल्या खोलीत घटाशेजारी तांब्याचा मोठा हंडा होता, तोंडाला फडकं बांधलेलं. मला हात लावू देईनात. फडकं सोडलं तसा एक कुबट, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा वास आला. पीठ हंड्याच्या कडेला चिकटून गठ्ठे झालेलं, आणि गठ्ठ्यांवर कुठं कुठं करडी छटा.

"हे कधी दळलं?"

"आवसंला. घट बसायच्या आदल्या दिसी."

"नऊ दिवसांचं एकदम?"

"मंग? घट बसले की जातं फिरवायचं न्हाई. देवी बसलेली असती."

"आणि भगर वाळवली होती का उन्हात?"

त्या बाई माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी काहीतरी अचरट विचारलं होतं. "उनात? पाखरानं चोच लावली की उष्टं न्हाई का व्हायचं? देवाचं धान्य धुवून घरात सावलीला पसरायचं. आन् मंग न्हाऊन ओलेत्यानं दळायचं, केसाचं पानी निथळत असतं तवाच. कोरड्यानं दळलेलं देवाला चालत न्हाई."

मला एकदम सगळं दिसलं. धुतलेली, पुरती न वाळलेली भगर, ओल्या लुगड्यांनी, निथळत्या केसांनी दळलेलं पीठ, बंद हंडा, परतीच्या पावसाची दमट हवा, पाच दिवस. अख्ख्या वाडीत त्या पिठाइतकं जपलेलं दुसरं काही नव्हतं. ज्वारी अंगणात पडलेली असे, कोंबड्या तीत फिरत. ती खाऊन कुणाला काही झालं नाही. आणि या पिठाला पाखराची चोचसुद्धा लागू दिली नव्हती.

मल्हारीनं मला बाहेरून हाक मारली. "कंपोंडर, जरा इकडं या. शेळी बगा."

गोठ्याच्या कोपऱ्यात एक तांबडी शेळी चारी पाय फाकून उभी होती आणि तिचे पाय थरथरत होते. पुढचं पाऊल उचलायला जायची आणि बाजूला कलायची. आदल्या संध्याकाळी भाकरी थापलेली परात तिनं चाटली होती.

मल्हारी बोलणारा माणूस नव्हता. मेंढरांमागे आठ-आठ महिने रानात राहिलेला. बोलायला त्याला जवळ कुणी नसेच. तो शेळीला धरून ओट्यासमोर घेऊन आला आणि म्हणाला, "सटवाबा, हिनं बी उपास मोडला म्हनायचा का?"

कुणीतरी हसलं.

"जनावराला काय कळतंय!" सटवाजी म्हणाले.

"त्येच म्हनायलोय म्या. तिला कायबी कळत न्हाई. तरी थरथरायलीय."

सटवाजी ओट्यावरून खाली उतरले. "थरथर काय ती सांगू नगंस मला. काल राती तुझ्या बायकूच्या अंगात आलती तवा तू बी पाया पडलास."

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मल्हारीनं मान खाली घातली. मग बाकीच्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. काल तिन्हीसांजेला आरती झाली, बायांनी फराळ केला, आणि संबळ वाजायला लागल्यावर घटकाभरानं केवळाबाईचे हात थरथरायला लागले. मग मान. मग आणखी दोघींचे. देवी आली म्हणून लोकांनी त्यांना हळदीकुंकू वाहिलं. केवळाबाईचा हा पहिलाच नऊ दिवसांचा उपास, मुलीसाठी बोललेला. पहिल्याच वर्षी देवी अंगात आली. सुगंधाबाई रडल्या, भर देवळात सुनेच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं आणि आपल्या वाट्याची भाकरी तिच्या तोंडात घातली. देवीला नैवेद्य म्हणून.

मी तिथून सरळ सुगंधाबाईंच्या घरी गेलो. इथं मी जे केलं ते आजवर मला नीट समजलेलं नाही. मला राग आला होता हे खरं. पण राग कुणावर? मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "मावशी, काल देवी आली नव्हती. तो पिठाचा विषार होता. तुम्ही एक भाकरी खाल्ली नाही म्हणून तुम्ही बसून बोलताय. तिनं दोन खाल्ल्या. आता तरी हे पाणी तिला पाजू द्या."

बरोबरच होतं ते. एक शब्द चुकीचा नव्हता.

सुगंधाबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळून आडव्या झाल्या. पदराआडून म्हणाल्या, "जावा तुमी. मीठ चालत न्हाई."

मी पुन्हा पाणी उकळलं, पुन्हा मीठ-गूळ घातला. शेजारणीला समजावलं, तिनं सासूकडे बोट दाखवलं. मल्हारीला सांगितलं, तो आईकडे बघून बाहेर गेला. मी केवळाबाईच्या कानाशी वाकून म्हणालो, "बाई, दोन घोट घ्या." तिनं डोळे उघडले, माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं आणि इतक्या हळू आवाजात विचारलं की मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं: "मीठ?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर ती प्यायली असती. पण मी 'हो' म्हणालो. तिनं ओठ मिटले.

सकाळपासूनचे असे साडेतीन-चार तास गेले. नुसतं गुळाचं पाणी द्यायला मी सुरुवात केली, पण ते तिच्या पोटात ठरेना. मी चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसलो आणि मांडीवर पुस्तक उघडलं. कशासाठी, देव जाणे. पुस्तकात उपासाबद्दल काही नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कासाबाई आली. ही आमच्या दवाखान्यातली आया. पन्नाशीची विधवा, जवळच्याच एका वाडीची. मलमपट्टीपासून बाळंतपणापर्यंत सगळं करी आणि मला माझ्या तोंडावर नावं ठेवी. मी न जेवता गेलोय म्हणून भाकरी बांधून तीन मैल चालत आली होती. दारातच तिनं विचारलं, "किती जनी प्याल्या?"

"एकही नाही."

"कामून?"

"मीठ चालत नाही म्हणतात."

कासाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो कंपोंडरदादा! मंग शेंदेलोण घाला की! त्येला कोन न्हाई म्हनतंय?"

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सुगंधाबाई म्हणाल्या, "शेंदेलोण चालतं."

"बगा! चालतं म्हनत्यात. सकाळधरनं काय करायलात तुमी?"

शेंदेलोण म्हणजे सैंधव, खडकातून निघणारं उपासाचं मीठ. तेही मीठच. कासाबाईनं चुलीवरच्या कोनाड्यात हात घातला आणि मुठीएवढा गुलाबी खडा काढला. पाच दिवस त्याच खड्यातून दाण्याच्या आमटीला मीठ पडत होतं. मी इतका वेळ त्या कोनाड्याच्या बरोबर खाली बसलो होतो. माझी आईही उपासाला तेच वापरायची. मला माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

"चार बुकं वाचली, पर कोनाड्यात हात न्हाई घातला," कासाबाई खडा वरवंट्यानं ठेचत म्हणाली. तिला मला दुखवायचं नव्हतं. ती तशीच बोलायची.

दोन तासांत अकराहीजणींपर्यंत ते पाणी गेलं. दर थोड्या वेळानं दोन-दोन घोट. उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा. दिवस कलेपर्यंत सहाजणी उठून बसल्या. एकीनं तर मला विचारलं की घटाला माळ कुणी घातली. सुगंधाबाईंनी पेला स्वतःच्या हातानं धरला. पण केवळाबाईच्या तोंडात घातलेलं पाणी आता आत जात नव्हतं. हातापायांची थरथर थांबली होती, आणि ती थांबली याचं शेजारणीला बरं वाटलं. मला नाही वाटलं.

परभणीला शिरेतून सलाइन देतील, तिला न्यायला हवं, असं मी म्हणालो, तेव्हा सटवाजी उठले आणि त्यांनी स्वतःची बैलं जुंपली. गाडीत स्वतःचं घोंगडं अंथरलं. त्या माणसाबद्दल मी दिवसभर मनात जे बोललो होतो, त्यातलं बरंच मला तेव्हा परत घ्यावं लागलं.

वालूर, तिथून सेलूचं स्टेशन, तिथून गाडी. काळ्या रानातली वाट, चाकं रुतत होती. मल्हारी बैलांपुढे चालत होता. कासाबाईनं केवळाबाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मी चमच्यानं पाणी घालत होतो. वालूरची घरं दिसायला लागली तेव्हा मल्हारीनं मागं न बघता विचारलं, "गिळायलीय का?"

मी चमचा ओठांना लावला. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून निघालं आणि गालावरून कानाकडे गेलं. कासाबाईनं ते पदरानं पुसलं.

मल्हारीनं एकदा मागं वळून पाहिलं. थोडं पुढं जाऊन त्यानं बैलं वळवली.

*

हंड्यातलं पावशेर पीठ सटवाजींकडून मागून घेऊन मी बाटलीत भरलं आणि लाखेनं तोंड बंद करून ठेवलं होतं. उरलेलं सटवाजींनी खड्डा करून पुरलं. पाण्यात सोडू नका, मासे खातील आणि जनावरं पितील, एवढं माझं त्यांनी ऐकलं. डॉक्टरसाहेब परत आले, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नोंदवहीत 'अतिसार' लिहायला सांगितलं. "पिठानं मेली असं लिहिलंत तर पुरावा कुठं आहे विचारतील."

म्हणून पुरावा मिळवायचा मी निश्चय केला. बाटलीबरोबर सात पानांचा अहवाल उर्दूत लिहून वर पाठवला. आठवड्यानं अहवाल परत आला: इंग्रजीत लिहा. शब्दकोश घेऊन मी तो इंग्रजीत लिहिला, त्यात दहा दिवस गेले. तो पोचला तोवर एक नोव्हेंबर उजाडला आणि आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. दवाखान्यावरची पाटी बदलली, शिक्का बदलला. मी तीन स्मरणपत्रं पाठवली. फेब्रुवारीत बाटली परत आली, लाख जशीच्या तशी. सोबतच्या कागदावर होतं की सदर नमुना आता या राज्याच्या हद्दीतला नाही. मी ती नव्या कचेरीकडे पाठवली. तिथून उत्तर आलं की सदर घटना राज्य पुनर्रचनेपूर्वीची असल्यानं जुन्या राज्याकडे संपर्क करावा.

मी ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ वाचले. दोन्हींची भाषा अगदी निर्दोष होती.

बाटलीतलं पीठ तोवर काळं पडलं होतं.

पुढच्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला मी खडकवाडीला गेलो. बरोबर काही कागद नव्हता, हुकूम नव्हता. आदल्या रात्री काय बोलायचं ते लिहून काढलं होतं: भगर कडक उन्हात वाळवा, वर पातळ फडकं टाका म्हणजे पाखरं बसणार नाहीत, कोरड्या अंगानं, कोरड्या जात्यावर दळा, दोन दिवसांपुरतंच दळा, कुबट वास आला तर टाकून द्या, चक्कर आली, हात कापायला लागले तर खाणं तिथंच थांबवा आणि शेंदेलोणाचं पाणी घ्या. कागद खिशातून काढायचा मला धीर झाला नाही. पाठ होतं तेवढं बोललो.

बाया न्हाऊन आल्या होत्या. केसांतून पाणी निथळत होतं. त्यांनी ऐकून घेतलं. सटवाजी म्हणाले, "कंपोंडर, तुमचं वाळवायचं आमी ऐकू. पर घट बसल्यावर जातं फिरवायचं न्हाई. त्ये माझ्या हातात न्हाई. माझ्या आज्याच्या बी हातात नव्हतं." आणि जरा थांबून म्हणाले, "औंदा तसं हुनार न्हाई. म्या देवीला बोललोय."

सुगंधाबाई एका कडेला बसल्या होत्या, केवळाबाईच्या मुलीला मांडीवर घेऊन. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वर्षभरात मी दोनदा वाडीत गेलो होतो, तेव्हाही त्या घरातून बाहेर आल्या नव्हत्या. मी सांगितलं ते खरं होतं, पण ज्या वेळी आणि ज्या कारणासाठी सांगितलं त्याचा विचार केला की मला त्यांच्या दारासमोरून जाताना पाय उचलावेसे वाटत नसत.

मी परत निघालो. माझ्यामागं जाती सुरू झाली. एकदम चार-पाच, ओव्यांसकट. नऊ दिवसांचं दळण.

तिसऱ्या माळेच्या दिवशी देवीची लस टोचायला मला त्याच बाजूला जायचं होतं. वाट वाडीवरून जाते. सकाळची वेळ; पुरुष मेंढरं घेऊन गेलेले. वाडीत शिरलो आणि मला जात्याची घरघर ऐकू आली.

एकच जातं. ओवी नव्हती.

देवळाच्या ओट्यावर सटवाजी बसले होते. आवाज त्यांनाही ऐकू येत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर मातीत बघत राहिले. उठले नाहीत. शेजारच्या दारात दोन बाया उभ्या होत्या, एकीचा हात तोंडावर.

सुगंधाबाईंचं दार उघडं होतं. त्या जात्यासमोर एक पाय पसरून बसल्या होत्या. अंगावर कोरडं लुगडं, केस कोरडे, घट्ट बांधलेले. शेजारी सुपात भगर होती. अंगणात, उन्हात वाळलेली, कारण फडकं अजून बाजेवर पसरलेलं होतं. मुलगी जात्याच्या कडेला बसून सांडलेल्या पिठात बोट फिरवत होती.

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"दोन दिसाचंच दळायलेय," त्या जातं न थांबवता म्हणाल्या. "समद्यांचं. पाप लागंल ते मला लागंल."

"मावशी..."

"केवळाच्या अंगात आलती का न्हवती, ते मला ठावं न्हाई. तुमाला बी न्हाई." खुंटा एक फेरा फिरला. "म्या पाया पडले, त्ये खरं पडले."

मी मान हलवली. त्यांना दिसली की नाही कुणास ठाऊक.

मग त्यांनी जातं थांबवलं. जात्याच्या कडेवरचं चिमूटभर पीठ उचललं, उठल्या आणि उंबऱ्यापाशी येऊन ती चिमूट माझ्यापुढे धरली. देवाचं पीठ होतं. मला त्याला हात लावता येत नव्हता. मी वाकलो आणि त्यांच्या बोटांतल्या पिठाचा वास घेतला.

धान्याचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

त्या परत जाऊन बसल्या, नातीचं बोट पिठातून बाजूला केलं आणि खुंट्याला हात घातला.